रोजच्या वापराला नेकेड बाईक: ठाणे ते सीप्झ, पाडव्याला गाडी दारात हवी

घोडबंदरी | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दसऱ्याचा मुहूर्त हुकला. पाडव्याचा हुकणार नाही असं घरी छाती ठोकून सांगून बसलोय, म्हणून हा धागा. नेकेड म्हणजे पुढे-बाजूला प्लास्टिकचं आवरण (फेअरिंग) नसलेली बाईक.

माझी दहा वर्षांची १२५ सीसी आता थकली. इंजिन अजून ठणठणीत आहे, बाकी सगळं खुळखुळतं. रोजचा रस्ता असा: कापूरबावडी, माजिवडा, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, कांजूरला जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळायचं, पवई, सीप्झ (अंधेरीतली औद्योगिक वसाहत, तिथे ऑफिस). जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर, आठवड्याचे पाच दिवस. शनिवारी आई मागे असते, जांभळी नाक्याला भाजी. ती साडीतच बसते, दोन्ही पाय एका बाजूला. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी लोणावळा किंवा माळशेज फेरी.

उंची ५ फूट ५. ऑन-रोड बजेट पावणेतीन लाख, फारच ताणलं तर तीन.

यादी (सीसी म्हणजे इंजिनचा आकार, पीएस म्हणजे ताकद): ट्रायम्फ स्पीड ४०० (३९८ सीसी, ४० पीएस), केटीएम ३९० ड्यूक (३९९ सीसी, ४६ पीएस), पल्सर एनएस४००झेड (३७३ सीसी), रॉयल एनफील्ड गुरिल्ला ४५० (४५२ सीसी, ४० पीएस). यूट्यूब बघून बघून डोळे गेले. सगळे रिकाम्या रस्त्यावर गाडी वाकवून दाखवतात. गांधीनगर सिग्नलला संध्याकाळी सात वाजता काय होतं ते कोणी दाखवत नाही. ते इथे विचारतोय.

---

मुर्बाडमार्गे | ५ ऑक्टोबर, रात्री ११.०२

३९० ड्यूक. ४६ पीएस, ३९ न्यूटन मीटर टॉर्क (खेचायचा जोर), १६८ किलो. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर बदलता येतो) कंपनीकडूनच. विषय संपला, धागा बंद करा.

---

स्लो_लोकल | ५ ऑक्टोबर, रात्री ११.१५

आले हे. यांच्या शेजाऱ्याने पाण्याची मोटर विचारली तरी हे ड्यूकच सुचवतील.

---

दोन_स्ट्रोक | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

घोडबंदरी, तुझ्याएवढा होतो तेव्हा माझ्याकडे आरएक्स हंड्रेड होती. ९८ सीसी, ११ पीएस. तेव्हाच्या रस्त्यांवर ती वाघीण वाटायची, कारण रस्ते रिकामे होते. त्यामुळे ४६ पीएस ऐकून मला एकच प्रश्न पडतो: पळवणार कुठे?

वांद्रे-वरळी सी लिंकवर दुचाकीला बंदी. कोस्टल रोडवर बंदी. अटल सेतूवर बंदी. पुण्याला निघालास तर एक्सप्रेस वेवर बंदी, जुन्या हायवेने ट्रकच्या मागून जा. जे.जे.चा उड्डाणपूलसुद्धा २०१० पासून आपल्याला बंद, खालून मोहम्मद अली रोडने चला. मुंबईत जिथे म्हणून वेग घेता येईल तिथे दुचाकीला पाटी लावलेली आहे. उरलेल्या रस्त्यावर तुझा सरासरी वेग किती पडतो ते आधी सांग. बाकीचं नंतर बोलू.

---

घोडबंदरी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

काका, आजच मोजलं. २२ किलोमीटरला १ तास १० मिनिटं. म्हणजे ताशी १९. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

---

पाना_दहाबारा | ६ ऑक्टोबर, दुपारी २.१०

भाऊ, मी गॅरेजवाला माणूस. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या हातातून जातात, म्हणून कोणाचंच नाव घेत नाही. पण ताशी १९ वर काय होतं ते सांगतो, कारण शोरूममध्ये ते कोणी सांगणार नाही.

पेट्रोल जाळून जी ऊर्जा निघते तिचा फार तर पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. हे गाडी चालू असताना. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभे आहात तेव्हा चाकाला काहीच जात नाही, म्हणजे जाळलेलं सगळंच्या सगळं उष्णतेत गेलं. आता ४०० सीसीचं एक मोठं सिलिंडर उभ्या उभ्या १५५ सीसीपेक्षा जास्त पेट्रोल पिणार, हे सरळ आहे. तेवढी जास्त उष्णता तुमच्या दोन गुडघ्यांच्या मधे.

लिक्विड कूल म्हणजे गाडी थंड, असा एक गैरसमज आहे. लिक्विड कूल म्हणजे *इंजिन* थंड. उष्णता कुठे गायब होत नाही. कूलंट ती रेडिएटरमध्ये आणतं, गाडी पळत असेल तर समोरचा वारा ती घेऊन जातो. गाडी उभी असेल तर कूलंट शंभरीच्या आसपास गेलं की फॅन लागतो, आणि फॅन ती गरम हवा मागे फेकतो. मागे कोण? तुमच्या नडग्या. फेअरिंगवाल्या गाडीत ती हवा बाजूने वळवायला प्लास्टिक तरी असतं, नेकेडला तेही नाही. फायदा एवढाच की हवा कोंडत नाही, सिग्नल सुटून शंभर मीटर गेलात की बरं वाटतं.

एअर-ऑइल कूलला (हवा आणि ऑइलने थंड होणारं इंजिन) फॅन नाही. तिथे सिलिंडरच्या पाकळ्यांतून उष्णता हळूहळू बाहेर येते, झोत लागत नाही. पण अर्धा तास सलग ट्रॅफिक लागला तर तिलाही जड जातं, आवाज बदलतो, गियर घट्ट लागायला लागतात.

तर टेस्ट राईड ऑक्टोबरातच घ्या, आणि संध्याकाळी घ्या. सध्या हवेत जो उकाडा आहे तो फुकटात मिळालेली परीक्षा समजा. जानेवारीत घेतलेली टेस्ट राईड सगळ्यांचीच पास होते.

अजून एक. क्लच. ताशी १९ म्हणजे तासाभरात दोनशे-अडीचशे वेळा क्लच दाबला. असिस्ट-स्लिपर क्लच (हाताला हलका लागतो) आहे का ते बघा. तुमच्या यादीत सगळ्यांना आहे. रॉयल एनफील्डच्या हंटर ३५० ला २०२५ च्या मॉडेलपासून आला, आधीच्याला नव्हता. जुनी हंटर सेकंडहँड बघत असाल तर हे लक्षात ठेवा.

---

मुर्बाडमार्गे | ६ ऑक्टोबर, दुपारी ३.००

हंटर मधेच कुठून आली? २० बीएचपी. माझ्या मिक्सरला जास्त आहे.

---

नाहूर_फाटक | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

मी ५ फूट १. यामाहाची एमटी-१५ (१५५ सीसी) चालवते, तीन पावसाळे झाले. नाहूर ते बीकेसी, रोज. एका बाईचं मत चालणार असेल तर लिहिते (चालणार नसेल तरी लिहिते).

सगळे सीटची उंची विचारतात. एमटी-१५ ची ८१० मिमी, स्पीड ४०० आणि हंटरची ७९०, गुरिल्लाची ७८०. कागदावर माझ्यासाठी एमटी सगळ्यात वाईट. प्रत्यक्षात माझे दोन्ही चवडे टेकतात, कारण सीट पुढे निमुळती आहे. रुंद सीट ७८० ची असली तरी मांड्या फाकतात आणि पाय तरंगतात. म्हणून आकडा बघू नका, जाऊन बसा. आणि शोरूमच्या फरशीवर नको. रस्त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक जिथे खचलेला असतो तिथे पाय टेकून बघा.

त्याहून मोठी गोष्ट वजन. चालवताना १४१ आणि १८१ किलोत फारसा फरक कळत नाही. कळतो तो बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ओढायची आहे, फरशी ओली आहे, शेजारच्या काकांची ॲक्टिवा आडवी लावलेली आहे. हे रोज सकाळी आठला. ४० किलो म्हणजे सिमेंटची जवळजवळ एक गोणी. घोडबंदरी, तुमचं पार्किंग कसं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

पावसाबद्दल. नेकेडला मागचा मडगार्ड म्हणजे नंबर प्लेट लावायला जागा, एवढाच. मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर. पहिल्या पावसाळ्यात ऑफिसला पोचले तर पाठीवर मणक्याच्या रेषेत कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाची पट्टी. सहकाऱ्यांना वाटलं नवीन डिझाइनचा कुर्ता. त्याच आठवड्यात टायरला चिकटून बसणारा हगर, म्हणजे छोटा मडगार्ड, लावून घेतला. गाडी कुठलीही घ्या, हगर पहिल्या दिवशी लावा.

ओल्या रस्त्यावर घसरायच्या जागा तुम्हाला माहीत असतीलच: झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, उड्डाणपुलाच्या सांध्यांवरचं लोखंड, मेट्रोच्या कामावर टाकलेल्या पोलादी प्लेटा. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चं काम आहे तोवर प्लेटांचा तुटवडा नाही. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) खरंच उपयोगी पडतो, जाहिरातीतली गोष्ट नाही. आणि काँक्रीटचा रस्ता डांबराला जिथे मिळतो ती लांबच लांब भेग. तिच्यात चाक अडकलं तर ४६ पीएस काही करत नाही.

---

घोडबंदरी | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, पार्किंग तुम्ही लिहिलंय तसंच आहे. फक्त ॲक्टिवाच्या जागी ज्युपिटर, आणि काकांच्या जागी सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे बोलायचीही सोय नाही.

---

स्लो_लोकल | ६ ऑक्टोबर, रात्री १०.२०

अवांतर: एमटी-१५ ला ॲव्हरेज?

नाहूर_फाटक | ६ ऑक्टोबर, रात्री १०.२६

मला ४५ च्या आसपास. हात सैल सोडला तर कमी.

---

कागदपत्री | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

पैशांचं कोणीच बोललं नाही म्हणून माझी एन्ट्री. विम्याच्या धंद्यात आहे.

घोडबंदरी, तुमच्या यादीतल्या चारही गाड्या ३५० सीसीच्या वरच्या आहेत. ही रेघ आता दोन ठिकाणी आडवी येते.

पहिली जीएसटी. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ टक्क्यांचा कर १८ वर आला. ३५० च्या वर सेससकट ३१ टक्के होता, तो ४० झाला. काही कंपन्यांनी वाढ सध्या स्वतःच्या अंगावर घेतली आहे. ती किती दिवस ते त्यांनाच ठाऊक, म्हणून कोटेशन लेखी घ्या, त्यावर तारीख घ्या.

दुसरी विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी भरावा लागतो. १५० ते ३५० सीसीला त्याचा हप्ता ७,३६५ रुपये. ३५० च्या वर गेलात की १५,११७. वर त्यावरचा कर. ३४९ आणि ३७३ सीसीमध्ये २४ सीसीचा फरक, आणि नुसत्या थर्ड पार्टीत पावणेआठ हजारांचा. गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, तो गाडीच्या किमतीवर.

पेट्रोल. महिन्याला १,००० किलोमीटर धरू. मुंबईत लिटर १०३ रुपये ५० पैसे. ट्रॅफिकमध्ये ४०० सीसीने २८ दिलं तर महिन्याला सुमारे ३,७०० रुपये. ताईंची ४५ देते, तिला २,३००. मधली कोणी ३५ देईल तर २,९५०. फरक वर्षाला मोठा दिसतो, पण खरं सांगू? फक्त पेट्रोलसाठी कोणी गाडी बदलू नये. फरक एकदम भरायच्या रकमेत आहे.

रेघेच्या खाली काय आहे तेही सांगतो: हंटर ३५० (३४९ सीसी), अपाची आरटीआर ३१० (३१२ सीसी, ३५.६ पीएस, १६९ किलो), २५० ड्यूक (३१ पीएस), जिक्सर २५०, एमटी-१५. यातलं कुठलंच वाईट नाही. आरटीआर ३१० तर मुर्बाडमार्गेंनाही हसू येणार नाही अशी गाडी आहे.

आणि हो, पावसात तुंबणारं पाणी. हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे, नावं घ्यायची गरज नाही. इंजिनात पाणी गेल्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात तर पिस्टन पाणी दाबायला जातो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्या. ४०० सीसीचा रॉड आणि १५० सीसीचा रॉड यांच्या किमतीतला फरक पाना भाऊ सांगतील.

---

पाना_दहाबारा | ७ ऑक्टोबर, दुपारी १.४५

सांगत नाही. जेवण चालू आहे लोकांचं.

---

मुर्बाडमार्गे | ७ ऑक्टोबर, रात्री ११.५०

बरं, आता मस्करी बाजूला. सगळे मिळून या माणसाला स्कूटरपर्यंत नेऊन सोडणार असं दिसतंय, म्हणून नीट लिहितो.

मीही ताशी १९ नेच ऑफिसला जातो. कल्याण फाटा ते महापे. पण पॉवर म्हणजे फक्त टॉप स्पीड, ही समजूत चुकीची आहे. शिळफाट्याला दोन कंटेनरच्या मधे तुम्ही अडकलात, उजवीकडचा हळूहळू तुमच्या अंगावर येतोय. त्या क्षणी ४० वरून ७० ला जायला किती सेकंद लागतात ते मला महत्त्वाचं. तिथे १५५ सीसीला दोन गियर खाली टाकावे लागतात, कारण तिचा १४ न्यूटन मीटरचा जोर साडेसात हजार आरपीएमवर येतो. माझा हात नुसता पिळला की मी तिथून गेलेला असतो. दोन वेळा झालंय हे. दोन्ही वेळा घरी सांगितलं नाही.

दुसरं ब्रेक आणि शॉकअप. चांगली फोर्क, मोठी डिस्क, रेडियल टायर हे सगळं मोठ्या गाडीबरोबर येतं, छोटीबरोबर सहसा सगळं येत नाही. ओल्या रस्त्यावर रिक्षाने मधेच यू-टर्न मारला तर मला पीएस वाचवणार नाहीत, टायर वाचवेल. मला मान्य आहे, पण तो टायर कुठल्या गाडीला मिळतो तेही बघा.

तिसरं, सोमवार ते शुक्रवार माणूस नोकरी करतो. शनिवारी-रविवारी माणूस असतो. पहाटे पाचला मुर्बाडवरून माळशेजला चढताना जे वाटतं त्याचा हिशोब कागदपत्रींच्या तक्त्यात नाही.

---

दोन_स्ट्रोक | ८ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

हे लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. आधीच का नाही लिहिलं? कंटेनरचा मुद्दा मान्य. मी एवढंच विचारीन की तो हात पिळायची वेळ वर्षातून दोनदा येते, आणि त्या पॉवरमुळे कंटेनरच्या मधे घुसायचा मोह किती वेळा येतो?

मुर्बाडमार्गे | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

काका, तुमच्यापुढे हात टेकले. (घुसतो. रोज.)

---

पाना_दहाबारा | ८ ऑक्टोबर, दुपारी २.३०

टायरचं खरं आहे, पण टायर बदलता येतो. मूळ साइजच्या जवळचा, चांगल्या कंपाउंडचा टाकला तर छोटी गाडीसुद्धा पावसात सुधारते. इंजिनची उष्णता बदलता येत नाही.

आणि एक विसरलो. या नेकेड गाड्यांना बहुतेकदा मेन स्टँड नसतो. चेनला तेल द्यायला मागचं चाक उचलायचं कसं? पावसाळ्यात दर चार-पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्यावंच लागतं, म्हणजे तुम्हाला महिन्यातून दोनदा. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्या नाहीतर माझ्यासारख्याकडे या. न दिल्यास सोळा-अठरा हजार किलोमीटरवर चेन सेट गेलाच. पावसातलं वाळूमिश्रित पाणी म्हणजे चेनला लावलेला पॉलिश पेपर.

---

घोडबंदरी | १२ ऑक्टोबर, रात्री ११.१०

टेस्ट राईडचा वृत्तांत. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्या शोरूमने (नाव नको) शोरूममागच्या गल्लीत दोन फेऱ्या मारू दिल्या. म्हटलं, संध्याकाळी सातला हायवेवर द्या. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी गाडी घेऊन पळणार आहे. तिथून निघालो.

मग ऑफिसातल्या मित्राने त्याची स्पीड ४०० एक संध्याकाळ दिली. माझी १२५ तो घेऊन गेला, मैत्री म्हणतात ती हीच. सीप्झहून ६.५० ला निघालो. काय गाडी आहे! दुसऱ्या गियरमध्ये रांगताना कुठे धक्का नाही, कुरकुर नाही. पवईचा चढ कळला नाही. आयआयटीच्या गेटसमोर सगळं थांबलं, गांधीनगरला तर इंजिन बंद करावं इतकं थांबलं. पाना भाऊ म्हणाले तसा फॅन लागला. ऊब आली, भाजलं नाही. जीन्समधून चालून गेलं. ऑक्टोबरात एवढं, तर मेमध्ये थोडं जास्त, असं मनात लिहून ठेवलं.

पण मी एक वेगळीच गोष्ट मोजली. घरी पोचायला ७५ मिनिटं लागली. त्यात तिसऱ्या गियरच्या वर मी किती वेळ होतो? भांडुपच्या पुढे, ऐरोलीच्या फाट्यापासून मुलुंड टोल नाक्याच्या अलीकडेपर्यंत. सात मिनिटं. बाकी ६८ मिनिटं पहिला-दुसरा-तिसरा-न्यूट्रल. सात मिनिटं मात्र स्वर्ग होता, हे खोटं बोलणार नाही.

काल दुसऱ्या एका शोरूमने हंटर दिली, तीही संध्याकाळी, मुलगा मागे बसला. माजिवड्याहून तीन हात नाका आणि परत. २७ न्यूटन मीटर, पण तो चार हजार आरपीएमवरच येतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये लागतो तिथे. तिसऱ्यात टाका आणि विसरून जा. क्लच नवीन मॉडेलचा, हलका. नितीन कंपनीच्या पुलाखालचे खड्डे मागच्या शॉकअपने गिळले. या वर्षी स्प्रिंग बदलल्या आहेत असं वाचलं होतं, ते जाणवलं. वजन १८१ किलो आहे आणि पार्किंगमध्ये ते पूर्ण १८१ लागतं, ताई. ८० पर्यंत मजेत. शंभराकडे तिला जायची घाई नाही, आणि खरं तर मलाही नव्हती.

आरटीआर ३१० वर फक्त बसून आलो. छान वाटली. टेस्ट राईडला गाडी नव्हती. एनएस४००झेड भावाच्या मित्राची चालवली, किमतीच्या मानाने एवढा दम म्हणजे कमाल आहे. गुरिल्लाची सीट मला सगळ्यात सोपी पडली, पण ११ लिटरची टाकी आणि ४५२ सीसी म्हणजे पंपावर ओळख वाढणार.

थोडक्यात स्पीड की हंटर, एवढ्यावर आलोय. निर्णय झालेला नाही.

---

नाहूर_फाटक | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

आईला कुठल्या गाडीवर बसवून पाहिलं?

घोडबंदरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.५५

...

नाहूर_फाटक | १३ ऑक्टोबर, सकाळी १०.०२

वाटलंच. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतंत, साडीत, दोन्ही पाय एका बाजूला. आठ दिवस झाले, दोनशे ओळी झाल्या, त्या माउलीचं कोणी नाव काढलं नाही. मीसुद्धा.

कागदपत्री | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

यात कायदाही आहे, बरं का. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३: मागे बसणाऱ्याला धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं काहीतरी. यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. लोक ‘लुक’ बिघडतो म्हणून गाडी घरी आल्या आल्या काढून टाकतात.

मुर्बाडमार्गे | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

मी काढला होता. आई एकदा मागे बसली आणि दुसऱ्या दिवशी परत लावला. जास्त विचारू नका.

---

घोडबंदरी | १८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

आज आईला घेऊन निघालो. नऊवारी नाही, साधी सहावारी, पण निवडून ‘जरा घेर असलेली’ नेसली, म्हणाली परीक्षा नीट झाली पाहिजे.

शेजारच्या मुलाची एमटी-१५ खालीच होती, तिच्यावर आधी. दोनदा प्रयत्न करून उतरली. “हे काय, तुझ्या डोक्यावर बसू का?” (ताई, माफ करा.) ड्यूककडे लांबूनच बघितलं आणि म्हणाली, “याची शेपटी वर गेलीय, मला नाही जमायचं.” बसलीच नाही. स्पीड ४०० वर बसली, दोन मिनिटं बसून राहिली, म्हणाली, “बरी आहे.” आमच्या घरात ‘बरी आहे’ म्हणजे शंभरात ऐंशी.

हंटरवर बसली, साडी गार्डच्या पट्टीवर पाय टेकवले, पदर खोचला, पिशवी मांडीवर घेतली. शोरूमचा मुलगा म्हणाला, “काकू, आरामात आहे ना?” तर त्याला म्हणाली, “आता चालू कर ना, बाजार बंद होईल.”

मुर्बाडमार्गे, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. सात मिनिटांचा स्वर्ग मला अजून आठवतोय. पण रेघेच्या खाली राहिल्याने वाचणाऱ्या पैशांत हेल्मेट, चांगले ग्लोव्ह्ज, हगर, पॅडॉक स्टँड सगळं बसतंय, आणि वर उरतायत. बुकिंग केलं. पाडव्याला सकाळी मिळेल म्हणालेत.

---

मुर्बाडमार्गे | १८ ऑक्टोबर, रात्री १०.४५

काही म्हणणार नाही. माळशेजला या, वर चहाच्या टपरीवर थांबतो. लवकर पोचलो तर दोन कप घेईन.

---

घोडबंदरी | २२ ऑक्टोबर, दुपारी १.००

आली! आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, सेक्रेटरींनी स्वतःहून ज्युपिटर सरळ लावली. पेढे आभासी घ्या. सगळ्यांचे आभार.

एक शंका: आमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्यांच्या गाडीची वायरिंग कुरतडली. नेकेडला तर सगळं उघडंच. काय करावं?

पाना_दहाबारा | २२ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

अभिनंदन भाऊ! सीटखाली बिस्किटाचा पुडा, शेंगदाणे काही ठेवू नका, पहिलं कारण तेच असतं. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून सीटखाली बॅटरीजवळ ठेवा, सायलेन्सरपासून लांब. दर महिन्याला बदला. आणि दोन-तीन दिवस गाडी हलणार नसेल तर रोज एकदा चालू करा.

घोडबंदरी | २२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

गोळ्या ठेवल्या. दुकान बंद होतं म्हणून आईने कपाटातल्या काढून दिल्या. पैठणीतल्या आहेत, दोनच घे, म्हणाली.